कोमट तार

वाळूजला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा नऊ वर्षं रिकामी राहिली. चार-पाच छोट्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली ती बस होती. सिडकोतून निघायची, क्रांती चौकात गच्च भरायची आणि छावणीपर्यंत माणसं दांडीला लोंबकळायला लागायची. पण माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. बसमध्ये बाई मी एकटीच, आणि परक्या बाईशेजारी बसायचं नाही ही तिथली अदब. त्यात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर कुणावर चिडताही येत नव्हतं. एकदा एका उभ्या माणसाला मी म्हटलं, "बसा की हो, जागा आहे." तो कानापर्यंत लाल झाला आणि गर्दीतून वाट काढत मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. पुन्हा मी कुणाला विचारलं नाही. पर्स त्या जागेवर ठेवायला लागले.

वडील गेले होते. आई भावाकडे पुण्याला राहायची. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा आणि "पुण्याला ये, इथे माणसं आहेत" हे वाक्य त्यात एकदा तरी असायचंच. मला तिकडे जायचं नव्हतं. औरंगाबादेत माझं दोन खोल्यांचं घर होतं, दिवसाआड येणारं पाणी होतं आणि वाळूजच्या एका शेडमधली नोकरी होती. ती नोकरी मला फार आवडायची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मी काय करते हेच कुणाला समजायचं नाही. लग्नाकार्यात नातेवाईक विचारायचे, मी म्हणायचे, "आम्ही इन्व्हर्टर बनवतो." लगेच कुणीतरी मावशी पुढे व्हायची. "अगं, आमचा बंद पडलाय, बॅटरी गेलीय का बघशील जरा?" मी दोन घरांत जाऊन खरंच बॅटऱ्या बघून आले. त्यांत पाणी घातलं आणि परत आले.

आमचे इन्व्हर्टर घरातले नव्हते. कपाटाएवढे, कधी दोन कपाटांएवढे असायचे. कारखान्यात वीज येते ती ठरलेल्या लयीत, सेकंदाला पन्नास फेऱ्या. मोठ्या मोटरचा वेग कमी-जास्त करायचा तर ती लय बदलावी लागते. त्यासाठी आलेली वीज आधी एकदिश करायची, मग मोठ्या स्विचांची उघडझाप करून तिचे तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यांतून हवी तशी लाट पुन्हा उभी करायची. इथपर्यंत सोपं आहे. अडचण अशी की तुकड्यांतून उभी केलेली लाट गुळगुळीत नसते, खाचाखोचांची असते. त्या खाचाखोचांत मूळ लाटेच्या पाचपट, सातपट, अकरापट वेगाच्या बारक्या लाटा दडलेल्या असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांचा उपयोग शून्य. मोटर तापवतात, तिला गुरगुरायला लावतात, वर वीज खातात ते वेगळंच.

छोट्या इन्व्हर्टरमध्ये स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, तिथे हा त्रास फारसा उरत नाही. पण त्या काळातले मोठे स्विच मंद होते आणि माझ्याइतकेच तापट होते. दर उघडझापीला तापायचे. म्हणून ती मोजकीच करायची, पण अशा नेमक्या जागी करायची की नको असलेल्या लाटा आपापसातच मरून जाव्यात. पाव फेरीत, म्हणजे नव्वद अंशांत, मला चार उघडझापी मिळत होत्या. चार कोन. एक कोन मूळ लाट हवी तेवढी ठेवण्यात खर्ची पडायचा. उरलेल्या तिघांनी पाचवा, सातवा आणि अकरावा मारायचा.

तिसऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. तिसऱ्याला आम्ही सोडून द्यायचो. सगळेच सोडतात. मोटरला तीन तारांतून तीन लाटा जातात, एकीमागे एक. तिसरा हार्मोनिक मात्र तिन्ही तारांत एकाच वेळी उठतो आणि एकाच वेळी बसतो. त्यामुळे कुठल्याही दोन तारांच्या मध्ये मोजलं तर तो दिसतच नाही. असून नसल्यासारखा. उलट त्याला मोकळं सोडलं की बाकीच्यांना मारायला जागा मिळते. कॉलेजात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि मीही ते त्याच आठवड्यात शिकून ठेवलं होतं.

ते चार कोन काढायला मला पावणेदोन महिने लागले. त्या समीकरणांना सरळ उत्तर नसतं. अंदाज धरायचा, किती चुकलं ते बघायचं, अंदाज सुधारायचा. आकडे कधी जवळ यायचे आणि मग उगाचच भरकटून जायचे. ऑफिसात एकच संगणक होता, तो सकाळी टायपिंगला लागायचा, म्हणून मी दुपारी बसायचे आणि सुट्टीच्या दिवशीही जायचे. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी चारही कोन जुळले. पडद्यावर पाचव्यापुढे शून्य, सातव्यापुढे शून्य, अकराव्यापुढे शून्य. मी खुर्चीवरून उठले, शेडमध्ये एक चक्कर मारली आणि परत येऊन बसले. सांगायला कुणी नव्हतं. गेटवरच्या वॉचमनला जाऊन "झालं!" म्हणावं असं मनात आलं होतं, पण तो जेवत होता. दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "छान. चिप कधी तयार होईल?"

हे सगळं ज्या मोटरसाठी चाललं होतं ती वाळूजमध्येच, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एका कारखान्यात होती. चारशे हॉर्सपॉवर, भट्टीच्या मोठ्या पंख्याची. इन्व्हर्टर बसवायला आणि चालू करून द्यायला मी तिथे तीन आठवडे जात होते. त्यांनी माझ्या मदतीला त्यांचा वायरमन दिला. पन्नाशी ओलांडलेला, लासूर स्टेशनचा, अकरा वर्षं ठेकेदारामार्फत तिथेच कामाला. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तो मला ताई म्हणायचा.

पहिल्या दिवशी मी त्याला पकड, पाना असं मागत होते आणि तो देत होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ताई, ह्या पेटीत नेमकं व्हतंय काय?" नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हातातलं काम ठेवलं आणि त्याला अर्धा तास सांगत बसले. कागदावर लाटा काढल्या. पाचवा हार्मोनिक मोटरला उलट्या दिशेने फिरवायला बघतो आणि सातवा सुलट, अशी ओढाताण आतल्या आत चालते, हे ऐकून तो एकदम खूश झाला.

"म्हंजी घरातलाच दुस्मन म्हणा की."

"तसंच काहीसं."

"आन् तुमी त्याला कोपऱ्यात गाठून मारायलाव."

"चार कोपरे आहेत," मी म्हटलं.

त्यानंतर तो रोज विचारायचा. समीकरणं त्याला कळत नव्हती, पण कानाचा पक्का होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगला लावून दांडा कानाला टेकवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "हितं जाड आवाज हाय, हितं बारीक." मीटर लावून बघितलं की त्याचं बहुतेक बरोबर निघायचं. दुपारी तो पेटीशेजारीच पोत्यावर बसून डबा उघडायचा. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा. माझ्या डब्यात सकाळच्या घाईतला भात. मी एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताने आकडे लिहायचे. ते तीन आठवडे मी सुखात होते. तेव्हा मला ते कळलं नाही, कारण मला वाटत होतं की मी कामामुळे सुखात आहे.

चालू करायच्या दिवशी रीतसर नारळ आणला होता. मामाने पेटीला हळद-कुंकू लावलं आणि नारळ दहा हात लांब जाऊन फोडला, पाणी उडायला नको म्हणून. त्यांचे मॅनेजर, आमचे मालक आणि आणखी चार-पाच जण उभे होते. मी मुद्दाम आधी जुन्या साध्या पद्धतीने मोटर चालवून दाखवली. ती नेहमीसारखी गुरगुरायला लागली, पायाखालची फरशी थरथरत होती. मग बंद करून माझे कोन भरलेली चिप बसवली आणि पुन्हा चालू केली. आवाज उतरला. पंख्याचा वारा तेवढा ऐकू येत होता, मोटर अशी नाहीच.

"बया! निजली की," मामा म्हणाला.

मालकांनी मॅनेजरांशी हात मिळवला. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पेटीवरचे आकडे वाचायला लागले. मामा मोटरीभोवती फिरत होता. त्याने स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं, मान हलवली, मग खाली वाकून मोटरवरच्या जोडणीच्या डब्यातून निघून केबलच्या चरात जाणारी एक हिरवी तार बोटांनी धरून बघितली. दोन वेळा धरली. मग माझ्याकडे आला.

"ताई, ती हिरवी तार कोमट लागायली."

"ती अर्थिंगची तार आहे, मामा. तिच्यात करंट नसतो."

"कोमट हाय पर."

"हवाच गरम आहे," मी म्हटलं. "हिशोबात तिथे शून्य आहे. येऊच शकत नाही."

त्याने बोटं पॅन्टला पुसली. "व्हय, तुमी केलंय म्हंजी हिशोब बरोबरच आसंल," म्हणाला आणि पेढा घ्यायला गेला.

करंट मोजायचा चिमटा माझ्या हातात होता. दहा पावलं चालत जायचं, तारेभोवती चिमटा लावायचा आणि आकडा वाचायचा. एक मिनिटही लागलं नसतं. मी गेले नाही, कारण मालक फोटोसाठी बोलवत होते आणि तो दिवस माझा होता. पावणेदोन महिन्यांच्या खटपटीनंतर आलेल्या त्या दिवशी मला एका वायरमनकडून काही शिकायचं नव्हतं. हे मी आता सरळ लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हटलं नसतं.

दोनेक आठवड्यांनी सकाळी त्या कारखान्यातून फोन आला. चरातून धूर निघाला होता. हिरवी तार जळाली होती, तिच्या शेजारच्या केबलींची आवरणं वितळली होती आणि भट्टी बंद पडली होती. कुणाला इजा झाली नाही एवढंच बरं. मी पोचले तेव्हा मोटरवरचा डबा उघडून ठेवला होता आणि त्यात बघताक्षणी मला सगळं समजलं. ती तार मोटरच्या अंगाला जोडलेली नव्हती. मोटरच्या तिन्ही गुंडाळ्या आत जिथे एकत्र येतात त्या मधल्या बिंदूला जोडलेली होती आणि तिथून जमिनीत गेली होती.

नेहमीच्या विजेवर अशी तार असली तरी तिच्यातून काही जात नाही. तीन लाटा एकीमागे एक येतात आणि त्या बिंदूपाशी त्यांची बेरीज शून्य होते. पण माझा तिसरा हार्मोनिक तिन्ही तारांत एकदमच येतो. त्याची बेरीज शून्य होत नाही, तिप्पट होते. वाट नव्हती तोवर तो निरुपद्रवी होता. मामाच्या हिरव्या तारेने त्याला वाट दिली होती, आणि मी बाकीच्यांना मारण्यासाठी त्याला चांगला धष्टपुष्ट करून ठेवला होता.

"हे कुणी जोडलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाला.

"कशासाठी?"

"आमच्या उस्तादानं शिकवलं तसं, साहेब. मोटरीचा मधला जोड मोकळा ठिवायचा नाय, मातीला बांधायचा. अकरा वर्सं ही मोटर तशीच चालली."

त्याचा उस्ताद लासूरच्या जिनिंगमध्ये होता, पोलीस ॲक्शनच्या आधीपासूनचा, निजामाच्या राज्यात मशिनी शिकलेला. त्याच्या समोर एक माणूस मोकळ्या जोडाला चिकटून गेला होता. तेव्हापासून त्याने आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला ती तार बांधायला लावली. जेवताना मामाने मला हे सगळं सांगितलं होतं. कुठली तार, कुठे, हे मी विचारलं नव्हतं. गोष्ट म्हणून ऐकली आणि सोडून दिली.

मामाने माझ्याकडे एकदा बघितलं. आता हा सांगणार, असं मला वाटलं. ताईंना मी कोमट तार सांगितली होती, असं एवढंच म्हणायचं होतं. मी वाट बघत उभी राहिले. तो काही बोलला नाही. मग बोलायची पाळी माझी होती, आणि मी मीटरवरची धूळ पुसायला लागले.

मालकांनी मला गाडीत बसवून परत आणलं. ते घाबरले होते आणि आता सुटल्यासारखे दिसत होते. "ती तार आपल्या ड्रॉइंगमध्ये आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग रिपोर्टमध्ये तेवढंच लिही." मी तेवढंच लिहिलं. मोटरचा मधला बिंदू, आम्ही दिलेल्या ड्रॉइंगमध्ये नसताना, जमिनीला जोडलेला आढळला. एकही शब्द खोटा नव्हता. मधला बिंदू मोकळा ठेवा असं आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, हे मी लिहिलं नाही. तार कोमट आहे असं मला सांगितलं गेलं होतं, हेही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात केबली बदलून मोटर चालू करायला गेले तर पाना द्यायला दुसराच माणूस होता. मामा कुठे, असं मी गेटवर विचारलं. "काढलं त्यांना. लासूरला गेले," वॉचमन म्हणाला.

त्या दुपारी मी पेटीशेजारी डबा उघडला आणि खाल्ला नाही.

पुढचे दोन-तीन महिने मी स्वतःशी भांडण्यात घालवले. तार तर त्यानेच जोडली होती ना? मग? पण प्रश्न तारेचा नव्हताच. त्याने मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, आणि शिक्षा एकट्यालाच झाली होती. आमच्या प्रत्येक पेटीबरोबर जाणाऱ्या कागदावर मी आता पहिलीच ओळ मधला बिंदू मोकळा ठेवण्याची टाकली होती. मालकांनी ती ओळ वाचून मला शाबासकी दिली, तेव्हा मी कागद उचलून बाहेर आले. आई फोनवर म्हणाली, "आवाज असा का येतोय तुझा?" मी म्हटलं, "काही नाही, थकलेय." दुसरं कुणी विचारणारं नव्हतं.

शेवटी मी त्या मॅनेजरांना पत्र लिहिलं. एकच पान. वायरमनने तार गरम असल्याचं त्याच दिवशी मला सांगितलं होतं, मी ते मोजून बघितलं नाही, चूक माझी आहे, त्याला कामावरून काढणं अन्यायाचं आहे. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं. तीन आठवडे ते वाळूजला जात होतं आणि परत येत होतं. टाकायचा धीर होत नव्हता. नोकरी गेली असती. आणि त्या नोकरीशिवाय माझ्याकडे काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग एक दिवस रजा टाकून सकाळच्या पॅसेंजरने मी लासूरला गेले. आधी त्याला भेटावं, असं मनाशी ठरवलं होतं. खरं कारण वेगळं होतं. तो म्हणेल, ताई, जाऊ द्या, आणि मग पत्र टाकायची गरज उरणार नाही, अशी मला आशा होती.

वाळूजहून परत आलेला वायरमन कुठे भेटेल, म्हणून स्टेशनबाहेर विचारलं तर पहिल्याच माणसाने मोंढ्याकडे, धान्याच्या बाजाराकडे, बोट दाखवलं. पत्र्याची टपरी, बाहेर शेतातल्या पाच-सहा मोटरी मांडलेल्या, वार्निशचा वास. मामा पोत्यावर बसून एका जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरत होता. मला बघून त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. "या ताई," म्हणाला, एका उलट्या डब्यावर फडकं मारलं आणि समोरच्या हॉटेलला दोन बोटं दाखवून चहा मागवला.

मी चहा येईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "मामा, तुम्ही मला सांगितलं होतं."

"काय?"

"तार कोमट लागतेय म्हणून."

तो तार भरत राहिला. "सांगितलं आसंल."

"साहेबांना का नाही सांगितलंत?"

त्याने दोन वेढे पूर्ण केले, तार दाताने धरून ताणली आणि मग माझ्याकडे बघितलं. "सांगून काय झालं आसतं? माझं जायचं ते गेलंच आसतं. तार मीच बांधली हुती. संगं तुमचं बी गेलं आसतं. मला काय, मोटरी भरता येत्यात. हितं शेतं लई, मोटरी लई जळत्यात. घरी बायको हाय, पोरं हायत, सुना हायत. तुमाला त्या पेटीबिगर कोण हाय, ताई?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तीन आठवडे बघत हुतो की. कुणाचा फोन नाय, कुणी भेटाय येणं नाय. भात खाताना बी हातात पेन." तो अगदी साधेपणाने बोलत होता, एखाद्या मोटरीत काय बिघडलंय ते सांगावं तसा. "म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे. तेवढंच हाय बिचारीला."

तो रागावेल याची माझी तयारी होती. माफ करेल याची तर मी वाटच बघत होते. कीव येईल असं मात्र मनातही आलं नव्हतं. मला आधी लाज वाटली आणि लगेच भयंकर राग आला. बिचारी! इतकी वर्षं मी हे सगळ्यांपासून, आईपासूनसुद्धा, झाकून ठेवलं होतं आणि या माणसाने ते भाकरी खाता खाता वाचून टाकलं होतं. मी पर्समधून पाकीट काढलं, फोडलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी घालून परत केलं.

"नका धाडू. खामखा."

"मी धाडणार आहे."

"ताई, मी काय तिथं परत जायाचो नाय. मग कशापायी?"

"माझ्यापायी," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली.

चहा अर्धा सोडून मी उठले. स्टेशनजवळच्या पोस्टातून नवं पाकीट घेतलं, पत्ता घातला, तिथल्याच डिंकाने बंद केलं आणि टपालपेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी मालकांना स्वतःहून सांगितलं. "वेड लागलंय का तुला?" ते म्हणाले. मी टेबल आवरायला घेतलं. माझ्या वह्या, कॅल्क्युलेटर, एक कप, एवढंच निघालं. जाईल ती नोकरी जाऊ दे, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं आणि बरं वाटत होतं.

आठ-दहा दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. मालकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तिथेच उभे राहिले.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. मी त्या वायरमनला लासूरहून बोलावून घेतलं, म्हटलं, मॅडम लिहितात ते खरं असेल तर तुझ्यावर अन्याय झालाय, उद्यापासून कामावर ये. तर तो म्हणाला, असं काही झालंच नाही."

"काय?"

"तार गरम होती हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्याने तुम्हाला काही सांगितलंही नाही. चार माणसांसमोर देवाची शपथ घेऊन म्हणाला. तुमच्या मनाला फार लागलंय, म्हणून तुम्ही स्वतःवर ओढून घेताय, असं म्हणत होता."

"साहेब, तो खोटं बोलतोय. त्याने सांगितलं होतं. मी सांगते ना तुम्हाला."

मॅनेजर हसले. प्रेमाने हसले. "एका वायरमनसाठी एवढं कोण करतं, मॅडम? तुमचं मन फार मोठं आहे."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला आणि मालकांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. ते मॅनेजरांशी दोन मिनिटं बोलले, आभार मानले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं ना आता? जा, वह्या परत टेबलावर लाव."

मी पुन्हा लासूरला गेले नाही. तो पुन्हा डबा पुसून बसायला देईल, चहा मागवेल आणि माझ्याकडे तसाच बघेल, हे मला सहन झालं नसतं. त्याच नोकरीत मी आणखी बरीच वर्षं राहिले. ही हकिगत आतापर्यंत तीन जणांना सांगितली. आईला, एका मैत्रिणीला आणि निवृत्तीच्या दिवशी मालकांना पुन्हा एकदा. तिघांनीही माझंच कौतुक केलं.